दगडावरची तार

तामाने, ९ मे

ताई,

मासा पोचला.

रोकुरोने पिशवीतून पुडकं काढून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "मामा, आईने दिलंय. आत काय आहे विचारलं तर म्हणाली, त्याला कळेल." वर्तमानपत्राचा कागद, वर सुतळी, आणि सुतळीला आई मारायची तशी दुहेरी गाठ. गाठ सोडायच्या आधीच मला कळलं. ओकोझे. वाळून खडखडीत झालेला, काटे ताठ, तोंड वासलेलं. हात्सुए आतून चहा घेऊन आली ती त्याला बघून किंचाळली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण या माशाची भीती काही तिची गेली नाही.

आई दर उन्हाळ्यात एक धाडायची, आठवतं? म्हणायची, "तुमच्या डोंगरातली देवी दिसायला यथातथा आणि वर मत्सरी. तिला हा दाखव. आपल्याहून कुरूप कोणीतरी आहे बघून तिचा जीव थंड होईल." इथले लोक हसायचे, पण मासा ठेवून घ्यायचे. आई गेल्यावर मी इथल्या बाजारातून आणू लागलो. ते बर्फातले, गुळगुळीत, शहरी मासे. देवी बत्तीस वर्षं नाखूशच असणार.

तू का पाठवलास, ते मी विचारत नाही. पण पाठवलास म्हणून हे पत्र लिहायचं धाडस करतोय.

तुझा मुलगा चांगला निघाला गं. आठ वर्षांचा होता तेव्हा बघितला होता, आता डोक्यावरचे केस विरळ झालेत. दोन दिवस आमच्या यात्रेकरूंच्या धर्मशाळेत राहिला, जेवला, आणि मी भाडं नको म्हणालो तर उलट माझ्यावरच रागावला. तुझ्यावर गेलाय. पहिल्या दिवशी त्याला दर्शनाला नेलं. कमानीपाशी उभा राहून इकडे तिकडे बघत बसला.

"मामा, देऊळ कुठंय?"

"हे काय, समोर."

"समोर तर नुसती कमान आहे. कमानीच्या मागे काय?"

"डोंगर."

"आणि देव?"

"तोच की."

इथे येणारा प्रत्येक जण हेच विचारतो, आणि गाभारा नाही, मूर्ती नाही, दार नाही म्हटल्यावर फसवल्यासारखं तोंड करतो. याने तसं केलं नाही. बराच वेळ वर बघत राहिला. त्या दिवशी अर्धा डोंगर ढगात होता. मग दोनदा वाकला, आणि टाळ्या मात्र तीन वाजवल्या. मी म्हटलं, "दोनच." तो म्हणाला, "तिसरी आईची."

त्याच्याकडूनच कळलं, की बेटाच्या धक्क्यावरून घरापर्यंतच्या पायऱ्या चढताना तुला तीनदा बसावं लागतं. डॉक्टर हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन करा सांगतायत आणि तू ऐकत नाहीस. ऐक गं बाई. बहात्तर हे काही हट्ट करायचं वय नाही.

निघताना बुटांची नाडी बांधता बांधता त्याने मला त्या तारेचं विचारलं. आता जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या? मी तेव्हाच सांगितलं होतं, तार उशिरा मिळाली. त्या वर्षी पाऊस किती होता तुला ठाऊक आहे. घाटातला रस्ता खचला होता.

मासा जपून ठेवलाय. १ जुलैला दोरी सोडली, की वर घेऊन जाईन.

तोमे

तामाने, २४ मे

ताई,

पाकीट परत आलं नाही.

पंधरा दिवस मी रोज पोस्टमनच्या तोंडाकडे बघतोय. तो बिचारा शेवटी म्हणाला, "तोमेजीकाका, माझं काही चुकलं का?" दर जुलैत मी तुला देवीचा अंगारा पाठवतो आणि दर ऑगस्टात तो जसाच्या तसा परत येतो, वर तुझं ते ठसठशीत अक्षर: 'परत'. कपाटात एकतीस पाकिटं आहेत. हात्सुए म्हणते, "एवढा अंगारा घरात साठलाय, आता आपल्याला मरणच यायचं नाही." हे पाकीट आलं नाही म्हणजे तू ते उघडलंस, किंवा चुलीत घातलंस. उघडलंस असं धरून पुढे लिहितो.

घाटातला रस्ता खचला नव्हता.

हे लिहायला मला तीन दिवस लागले. तीन कागद फाडले. आता लिहिलंय, तर पुढचंही लिहितो.

रोकुरोने नुसतं तारेबद्दल विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "आईकडे त्या तारेची पोचपावती आहे. २५ जून, दुपारी चार. शिक्का तुमच्या घराचा." मी त्याला म्हटलं, तुझी गाडी चुकेल. गाडीला पन्नास मिनिटं होती. तो पन्नास मिनिटं बाहेर बाकावर बसला आणि मी आत उगाच भांडी लावत बसलो. म्हणजे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी दारात उभा राहून खोटं बोललो तेव्हाही ठाऊक होतं. बत्तीस वर्षं त्या खोट्यावर मी मीठमसाला लावत बसलो. दर वेळी पाऊस जरा वाढवायचो.

तर ऐक. त्या वर्षी दोरी पहिल्यांदा माझ्या हातात यायची होती.

तुम्ही लोक बेटावरचे, तुम्हाला ती कमानीमागची दोरी म्हणजे गवताचा दोरखंड. इथे ती आठ महिने डोंगर बंद ठेवते आणि १ जुलैला पहाटे ती सोडल्याशिवाय कोणी वर पाऊल टाकत नाही. सोडायचा मान आमच्या मिकुरा घराण्याचा. आमच्या म्हणजे हात्सुएच्या. मी कोण? घरजावई. कोळ्याचं पोर, अंगाला मासळीचा वास, नाव बदलून इथे आलेला. गावातले म्हणायचे, "मिकुरांनी डोंगरासाठी खलाशी आणलाय." सासरेबुवा गेन्शिचि तीन वर्षं माझ्याकडे नुसते बघत होते. चौथ्या वर्षी त्यांचे गुडघे गेले, तेव्हा म्हणाले, "यंदा तू."

सोडणाऱ्याला आधी सात दिवस ओढ्याकाठच्या झोपडीत राहावं लागतं. भोवती दोरीचं कुंपण. चूल वेगळी, मीठभात आणि मुळ्याचं लोणचं, पहाटे ओढ्यात बुडी. बाहेरचं माणूस आत येत नाही. काही द्यायचं असेल तर कुंपणाबाहेरच्या चपट्या दगडावर ठेवून जातात. आणि शेजारी दुसरी झोपडी. तिथे निशिगाकी घराण्याचा माणूस बसतो, तसाच, तेच खात. कारण आमच्या घरात किंवा सख्ख्या नात्यात त्या सात दिवसांत कोणी मेलं तर सुतक लागतं. सुतकातल्या माणसाने पन्नास दिवस कमानीखालून जायचं नाही. मग त्या वर्षी दोरी त्याने सोडायची. तेव्हाही तिथे तोराकिचि होता. आजही तोच आहे.

झोपडीत जाताना सासरेबुवा म्हणाले, "मेलं कुणी, तर एक वर्ष जातं. आपणहून उठून गेलास, तर पिढ्यांचं जातं. दोरी निशिगाकींची होते, कायमची. लक्षात ठेव." आणि मग जरा थांबून म्हणाले, "सुतक कानावर आल्यापासून लागतं. कानावर आलं नाही, तर लागत नाही." हे ते का म्हणाले, मला आजही कळलेलं नाही. नियम सांगत होते, की वाट दाखवत होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी दगडावर तार होती. वर एक खडा ठेवलेला, वाऱ्याने उडू नये म्हणून.

ताई, तूच सांग, त्या काळी तार म्हटली की काय? आपल्या बेटावर तारवाला दिसला की बायका आधी रडायला लागायच्या, मग विचारायच्या कोणाची आहे. आईचं दुखणं मला माहीत होतं. मी ती घडी हातात घेतली आणि मनाशी म्हणालो, आई गेली.

आणि मी ती उघडली नाही.

रडलो, हे खरं. झोपडीत तोंडात पंचा कोंबून रडलो, बाजूच्या तोराकिचिला ऐकू जाऊ नये म्हणून. पण उघडली नाही. उघडली असती तर कळलं असतं, कळलं असतं तर सुतक. मी स्वतःला काय सांगितलं माहीत आहे? की आई गेलीच आहे, तिला आता घाई नाही. सहा दिवसांनी कळलं काय, आज कळलं काय. गेलेलं माणूस वाट बघत नाही. आणि इथे सगळं गाव बघतंय, कोळ्याच्या पोराच्या हातून दोरी सुटते का ते.

तार मी पांढऱ्या अंगरख्याच्या आत छातीशी ठेवली. सहा दिवस ती तिथे होती. बुडी मारताना तेवढी दगडाखाली ठेवायचो, आणि वर आलो की आधी ती चाचपायचो.

हात्सुएवर रागावू नकोस. पावतीवरचा शिक्का तिने मारला. परवा, इतक्या वर्षांनी, मी तिला विचारलं, "तुला काय वाटलं होतं?"

"तेच, जे तुम्हाला वाटलं."

"मग उघडून का नाही बघितलीस?"

"मी उघडली असती तर सुतक मला लागलं असतं. मग तुमच्या झोपडीबाहेर तांदूळ कोणी ठेवला असता? तोराकिचिने?"

पुढचं आज लिहवत नाही. पण लिहीन. पळणार नाही.

तोमे

तामाने, ९ जून

ताई,

इथे पाऊस सुरू आहे. यात्रेकरू नाहीत, धर्मशाळेच्या गाद्यांना दमटपणाचा वास येतोय आणि हात्सुए दिवसभर त्या हलवत बसते. दोरी वळायचं काम चालू आहे. दर वर्षी नवीन वळावी लागते, ताज्या पेंढ्याची. माझ्या हाताला आता कळा येतात.

१ जुलैला पहाटे मी दोरी सोडली. गाठ पहिल्या झटक्यात सुटली. लोकांनी आरोळी ठोकली. सासरेबुवांना खुर्चीवर बसवून आणलं होतं. त्यांनी मान हलवली, एवढंच, पण हलवली. माझी छाती फुगली, आणि तेव्हा तो कागद आत कुरकुरला.

मी सगळ्यांच्या पुढे वर गेलो. वर नुसता एक खडक आहे, बाकी काही नाही. आईचा मासा देवीला दाखवला. त्या वर्षी तो तिने मेमध्येच पाठवला होता, तुझ्या हातून पत्ता लिहून घेऊन. आणि मग लोक मागून यायच्या आत, खडकाआड बसून, मी तार उघडली. विचार केला, आता काय होणार आहे? दोरी सुटली. आता रीतसर रडू या.

'आई अत्यवस्थ. तुला विचारते. लगेच निघ.'

मी ती पुन्हा पुन्हा वाचली. आई गेली, असं त्यात कुठेच नव्हतं. मला आधी आनंद झाला, ताई. देवाशप्पथ, एक क्षणभर आनंद झाला, की आई आहे! मग तारीख बघितली. २५ जून. आणि खालून लोक हसत, घंटा वाजवत वर येत होते.

मी कसा उतरलो ते मला आठवत नाही. दोनदा पडलो. हात्सुए म्हणते, मी कपडेसुद्धा बदलले नाहीत, तसाच पांढऱ्या अंगरख्यात गाडीत बसलो. तेव्हा दोन दिवस लागायचे, बेटावर पोचलो ३ तारखेला सकाळी. घरापुढे लोक पसरलेल्या चटया गुंडाळत होते. तू दारात होतीस. स्मशानातून येणाऱ्यांसाठी मिठाचं भांडं दाराशी होतं. ते उचलून तू मूठभर मीठ माझ्या तोंडावर फेकलंस. दुसऱ्यांदा फेकलंस ते डोळ्यात गेलं. मी म्हणालो, "तार उशिरा मिळाली." तू म्हणालीस, "आई परवा संध्याकाळी गेली," आणि दार लावलंस.

आणि मी, ताई, दाराबाहेर उभा राहून काय केलं असेल? दिवस मोजले. परवा म्हणजे १ तारीख धरली, आणि मला वाटलं, चला, दोरी सोडली तेव्हा ती होती, निदान देवीला तरी फसवलं नाही. इतका मी नीच. नंतर धक्क्यावर चहावाल्या बाईने सांगितलं, की आई गेली ३० जूनला. तू तीन रात्री झोपलीच नव्हतीस, तुला दिवसांचं भान नव्हतं. म्हणजे ज्या पाच दिवसांत सुतक नव्हतं, तेव्हा मी सुतकाला भिऊन बसलो. आणि जेव्हा ते खरंच लागलं (कानावर आलं नव्हतं, ही पळवाट मला नको), तेव्हा भरसुतकात कमानीखालून गेलो आणि दोरी सोडली. देवी हसली असेल. तिला हसायला मासा लागलाच नाही.

हे मी इथे कोणालाही सांगितलेलं नाही. सासरेबुवांनाही नाही. पुढे एकतीस वर्षं दर १ जुलैला मी दोरी सोडत आलो, आणि दर वेळी कमानीपाशी पाय अडखळतो. लोकांना वाटतं, ही मिकुरांची रीत आहे. परवा एका यात्रेकरूने तसा फोटोही काढला.

रोकुरोने बाकावर बसून अजून एक गोष्ट सांगितली. पहिल्या पत्रात मी ती दाबली. म्हणाला, "मामा, मी लहान होतो, पण मला आठवतंय. लाँचचा भोंगा वाजला की आजी विचारायची, तोमे आला का? आणि आई म्हणायची, लाँच उशिरा आहे. दिवसातून दोनदा. शेवटी आजी म्हणाली, हल्ली लाँचला फारच उशीर होतो गं."

तू माझ्यासाठी खोटं बोललीस. पाच दिवस, दिवसातून दोनदा. मी हे ऐकलं आणि भांडी लावायला आत गेलो, आणि आत जाऊन काय केलं ते तुला सांगायची गरज नाही.

आता तू विचारशील, की तार उघडली असतीस तर आला असतास का? हाच प्रश्न मी बत्तीस वर्षं टाळत आलो. आई जिवंत आहे म्हटल्यावर सुतकाचं कारण राहत नव्हतं. मला आपणहून उठावं लागलं असतं, आणि दोरी कायमची निशिगाकींकडे गेली असती. सगळं गाव म्हणालं असतं, खलाशीच तो, समुद्राकडे पळाला. मी उठलो असतो का? मला सांगता येत नाही गं. 'हो' लिहिलं होतं वर, ते खोडलंय. तुला ती खोडलेली जागा दिसत असेल.

वाचून न आलेला भाऊ वाईट, की न वाचता बसलेला? तू इतकी वर्षं पहिल्यावर रागावली होतीस. आता दुसऱ्यावर रागाव. पण ऑपरेशनचं ऐक. रोकुरोचं तरी ऐक.

२४ तारखेपासून मी झोपडीत असेन. तिथे पत्र दगडावर येतं.

तोमे

बंदरावरून, २६ जून, दुपार

ताई,

तुझं पत्र आज सकाळी दगडावर होतं. वर खडा ठेवलेला.

बुडी मारून ओल्या अंगाने आलो, आणि लांबूनच पांढरं दिसलं. माझे पाय तिथेच थांबले. हात्सुए कुंपणापलीकडे, चिंचोळ्या वाटेवर उभी होती. एरवी ठेवून निघून जाते. आज गेली नव्हती. नुसती बघत होती. मी हातसुद्धा पुसले नाहीत. उभ्या उभ्या फाडलं. अर्धं पत्र ओलं झालं, पण तुझं अक्षर पाण्याला दाद देणारं नाही.

'तोमे, तिन्ही पत्रं वाचली. २९ तारखेला छातीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, या वयात काही सांगता येत नाही. तेव्हा तू झोपडीत असशील, मला ठाऊक आहे. तारीख मी मागितलेली नाही, त्यांनी दिली. ये, असं मी म्हणत नाही. तारा तू उघडत नाहीस म्हणून पत्र पाठवते. मासा देवीला आवडला का ते कळव. सेत्सु.'

तुझी जीभ काही बोथट झालेली नाही. बरं वाटलं.

मी पत्राची घडी घातली आणि दुसऱ्या झोपडीपाशी गेलो. तोराकिचि चूल फुंकत होता. माझी सावली बघून न वळताच म्हणाला, "कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मग कुंपणाबाहेर कसा?"

"माझी ताई आजारी आहे. अजून कोणी गेलेलं नाही, म्हणूनच निघालोय."

तो वळला. डोळ्यांत धूर गेलेला, तोंडाला राख. "शुद्धीवर आहेस ना? आपणहून उठलास तर दोरी आमची होते. कायमची."

"माहीत आहे. चार घरं पलीकडे जाईल, परदेशात नाही जात."

"अरे, पण..." मग एकदम भडकला. "लेका, बत्तीस वर्षं मी इथे मीठभात खातोय! दर वर्षी सात दिवस! तुझ्या घरात कोणीतरी मरावं म्हणून रोज सकाळी कान लावून बसतो, पाप लागो मला. आणि तू अशी दोरी देऊन जाणार? हातातला चमचा दिल्यासारखी? निदान जरा भांड तरी!"

"गाडी चुकेल."

मग तो खाली बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. धुराचं म्हणाला. मला म्हणाला, "त्या वर्षी रात्री तू रडत होतास, ते मी ऐकलं होतं. मला वाटलं, घरजावई आहे, घरची आठवण येतेय." इतकी वर्षं त्याने कधी बोलून दाखवलं नाही. आम्ही दोघं शेजारी राहतो, एकत्र दारू पितो, एकमेकांच्या तोंडावर शिव्या देतो, आणि हे त्याने कधी काढलं नाही.

मासा मी त्याच्या हातात दिला. "वर गेलास की देवीला दाखव. सेत्सुकडून म्हण."

त्याने कागद उघडला आणि मागे सरकला. "ईऽऽ! हे काय ध्यान! तुझी ताई अशीच दिसते का?"

"तिला सांगतो तू काय म्हणालास ते."

"नको रे बाबा," म्हणाला, आणि मासा तुझ्यासारख्याच दुहेरी गाठीने पुन्हा बांधायला लागला. जमली नाही. मी बांधून दिली.

कुंपण ओलांडून आलो तेव्हा हात्सुएच्या एका हातात माझी विजार आणि दुसऱ्या हातात भाताच्या मुटक्यांचा डबा होता. विजारीला इस्त्री केलेली. मी तिच्याकडे बघितलं.

"मी पत्र दगडावर ठेवायच्या आधीच काढली होती," ती म्हणाली.

"तू वाचलंस?"

"पाकिटावर सेत्सुताईंचं अक्षर, आणि 'परत' लिहिलेलं नाही. बत्तीस वर्षांनी. वाचायला कशाला हवं?"

"आणि दोरी? तुझ्या वडिलांची, आजोबांची?"

"दोरी दर वर्षी नवीन वळतात," असं म्हणून तिने माझा अंगरखा ओढून काढला. "हा घालून जाऊ नका. मागच्या वेळी घालून गेलात ना." मग मात्र तिचा आवाज फुटला. चार पिढ्यांचं घर आहे तिचं, ताई, माझं नाही. तिने एका शब्दानेही अडवलं नाही. कमानीपाशी आल्यावर मी थांबलो, डोंगराकडे तोंड करून दोनदा वाकलो, दोन टाळ्या वाजवल्या. मग तिसरी वाजवली. पाय अडखळला नाही. आज मी आत जात नव्हतो, बाहेर पडत होतो.

गाडीत मला खूप भीती वाटली. दोरी गेली याची नाही. दोरीचं दुःख आहेच, रात्री येईल ते, मला माहीत आहे. भीती ही, की मी दारात येईन आणि तू पुन्हा मिठाचं भांडं उचलशील. उचल. मी डोळे मिटून उभा राहीन. फक्त या वेळी दार लावू नकोस, मला तुझी बॅग धक्क्यापर्यंत आणायची आहे. रोकुरोला एकट्याला तू आवरणार नाहीस.

आजची शेवटची लाँच गेली. उद्या सकाळची पहिली आहे. हे पत्र पेटीत टाकलं तर ते आणि मी एकाच लाँचने येऊ, म्हणून खिशातच ठेवतो, हातात देईन. पोस्टातल्या मुलीला विचारलं, तार जाते का अजून? ती म्हणाली, "जाते, पण आता फक्त लग्नाच्या आणि मयताच्या पाठवतात. तुमची कसली?" मी म्हटलं, "दोन्ही नाही." तिने दुसराच कागद काढून दिला.

हे तुला तारेनंतरच मिळेल, तरी लिहितो: तार आली तर घाबरू नकोस. हातात पडताच उघड.

तोमे

तार
सेत्सु यांस
२७ जून, सकाळी सहा

कोणी गेलेलं नाही. निघालोय. लाँच वेळेवर आहे. तोमे